बिननंबरी केबल

इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रेची खोली आणि धुण्याची खोली यांच्या मधे एक अरुंद दार होतं. त्यावर पाटी नव्हती, आणि ते दार ताईखेरीज कुणाला उघडत नसे. किल्ली लावा, फिरवा, ढकला, दार आपलं ढिम्म. इस्पितळाच्या मुख्य डॉक्टरांनी, सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणत, एकदा खांदा लावून पाहिला आणि पुढचे दोन दिवस तो शेकत बसले. ताई मात्र यायची, किल्ली फिरवायची, मूठ धरून काहीतरी करायची, आणि दार मुकाट उघडायचं. ती काय करते हे पंचवीस वर्षांत तिने कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायची, "आमची जुनी ओळख आहे."

दाराआड इस्पितळाचं सगळं नेटवर्क होतं. माणसाच्या उंचीचं लोखंडी रॅक, त्यात स्विच, राउटर आणि केबलींचे जुडगे. प्रत्येक केबलच्या प्लगमागे पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन वेढे आणि वेढ्यांवर निळ्या शाईत नंबर. चिकटपट्टी ड्रेसिंगच्या खोलीतली, जखमेवर लावतात तीच. पट्टीचं टोक प्रत्येक ठिकाणी एवढंसं आत दुमडलेलं, पुढेमागे सोडवायची झाली तर नखाला सापडावं म्हणून. अशा चारशे बारा केबली होत्या, आणि नंबर सांगितला की कुठली केबल कुठल्या खोलीत कुणाच्या टेबलाखाली निघते हे ताई डोळे मिटून सांगायची.

ती इथे लागली होती टेलिफोनच्या बोर्डावर. इस्पितळात कॉम्प्युटर आले तेव्हा ते जोडायला कुणी नव्हतं, आणि ताईला तारांची सवय होती, म्हणून ते काम तिच्या गळ्यात पडलं. पहिलं नेटवर्क म्हणजे एकच जाड केबल, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे तिच्यावर सगळे कॉम्प्युटर टांगलेले. दोरी कुठेही तुटली की सगळे कपडे चिखलात. कुणी खुर्ची जोरात मागे सारली की अख्खं इस्पितळ मुकं व्हायचं, आणि ताई हातात बॅटरी घेऊन टेबलांखालून रांगत सुटायची. मग हब आला. हबला प्रत्येकाची केबल वेगळी, हे बरं होतं, पण तो भारी तोंडाळ. एकाने कानात सांगितलेलं सगळ्या गल्लीला ओरडून सांगणार. त्याच्यानंतर स्विच आला तेव्हा ताईला देव भेटल्यासारखं झालं. कोण कुठल्या दाराआड राहतं हे तो लक्षात ठेवतो आणि ज्याचं त्यालाच नेऊन देतो. राउटर काय, तो फाटकावरचा माणूस; इस्पितळातलं बाहेर आणि बाहेरचं इस्पितळात त्याच्या हातून जायचं. हे सगळं ताई एका फाटक्या पुस्तकावरून शिकली होती, घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, भांडी घासून झाल्यावर.

आणि तिने एक शिस्त लावली होती. वॉर्डात ढिल्या प्लगांनी तिला छळून सोडलं होतं. म्हणून तिने प्रत्येक मजल्यावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी डकवली: 'केबलचं सुटं टोक दिसलं तर भिंतीच्या खाचेत बसवा. टक् आवाज आला पाहिजे.' नर्सा बदलल्या, डॉक्टर बदलले, भिंतींचा रंग दोनदा बदलला, पण रंगाऱ्यांनीसुद्धा ती चिठ्ठी काढून पुन्हा लावली. वॉर्डातल्या मावश्या तर सुटं टोक दिसलं की रस्त्यात पडलेलं लेकरू उचलावं तशा धावायच्या.

म्हणजे या बाईला मान होता, काम होतं, कमरेला किल्ली होती, घरी घड्याळं दुरुस्त करणारा शांत नवरा होता. मग उणीव कसली? तर तिला एक धाकटी बहीण होती.

बेबी. त्रेचाळीस वर्षांची, चष्मा लागलेली, कानाशी केस पांढरे झालेली बाई, आणि नाव अजून बेबी. ती जन्मली तेव्हा ताई आठ वर्षांची होती, आणि त्या दिवसापासून खिडकीजवळची गादी बेबीची झाली. तिथून जी यादी सुरू झाली ती ताईने कधी मिटवली नाही. नवे बूट बेबीला, कारण तिचा पाय वाढतोय. ताईचा पाय काय आखडत होता? पुढे शिकायला बाहेर बेबी गेली, कारण तोवर ताई कमवायला लागली होती. ताईच्या कमाईवर बेबी शिकली आणि शिकून आली ती ताईच्या वर. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ताई नवऱ्याला वर्षातून शंभरदा तरी सांगायची. नवरा डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळात डोकावत म्हणायचा, "हं."

सगळ्यात झोंबणारी गोष्ट वेगळीच होती. बेबीला हे काम ताईनेच शिकवलं होतं. अठरा वर्षांची बेबी त्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि ताई तिच्याकडून आठ तारांचा क्रम घोकून घ्यायची. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. मग प्लग, मग पक्कड, मग पट्टीचे दोन वेढे, टोक आत. आता तीच बेबी मोठ्या कंपनीत नेटवर्कचे आराखडे काढत होती. हाताला तार लागत नव्हती, कागदावर नुसत्या रेघा. ताई म्हणायची, "उंटावरची शहाणी."

आणि आई राहत होती ताईकडे. औषधं ताईने द्यायची, पाय ताईने चेपायचे, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ताईने न्यायचं, आणि तोंडात अखंड बेबी. बेबीने असं केलं, बेबीला तसं बक्षीस मिळालं, बेबीसारखं डोकं आपल्या घराण्यात कुणाला नव्हतं. रोज संध्याकाळी सातला आई बेबीला फोन लावायची. फोन लागला की ताई उठून गॅलरीत जायची, वाळलेले कपडे काढायला. दोरीवर कपडे नसले तरी जायची. पिकतं तिथं विकत नाही, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

असं सगळं रीतसर जळत असताना इस्पितळाने नवं नेटवर्क करायचं ठरवलं, काम एका कंपनीला दिलं, आणि कंपनीने माणूस पाठवला तो बेबी.

मोठ्या डॉक्टरांनी दोघींना समोर बसवलं. त्यांना माहीत होतं या बहिणी आहेत, आणि त्यांना वाटलं हे किती सोयीचं झालं. डॉक्टर लोकांना माणसाच्या आतलं सगळं दिसतं, हे काही खरं नाही. ते म्हणाले, "नवं जाळं ज्या दिवशी चालू होईल त्या दिवशी ठरवू, पुढे खोलीचा ताबा कुणाकडे. कंपनीने बघायचं, की आपल्या बाईंनी. ज्याच्या हातून नीट चालेल त्याच्याकडे किल्ली."

ताईचा हात आपसूक कमरेकडे गेला.

बेबीने टेबलावर आराखडा पसरला. तळमजल्यावर मधोमध एक मोठा स्विच, आणि त्याच्यापासून प्रत्येक मजल्याच्या स्विचकडे थेट एकेक केबल. चांदणीसारखी मांडणी. चांगली होती. इतकी चांगली होती की ताईच्या पोटात दुखायला लागलं. तिने बारीक डोळे करून कागद उलटसुलट पाहिला आणि शेवटी बोट ठेवलं.

"मजल्याला एकच केबल? त्या पाइपात उंदीर आहेत. कुरतडली तर अख्खा मजला बंद."

"दुसरी टाकलीय, ताई," बेबी म्हणाली. "फक्त जोडली नाहीये. दोन्ही जोडल्या तर फेरा तयार होतो. फेरा ओळखून तोडायची सोय नव्या स्विचमधे आहे, पण तुमचे जुने स्विच निघाल्याशिवाय ती मी सुरू करत नाही. एक आठवडा. मग जोडू."

"मला फेरा शिकवू नकोस," ताई म्हणाली.

खरंच शिकवायची गरज नव्हती. नेटवर्कमधे प्रत्येक यंत्र मधूनमधून सगळ्यांना हाक मारतं, अमुक कुठे आहे म्हणून. रस्ता एकेरी असला की हाक शेवटपर्यंत जाऊन विरते. पण केबली गोल जुळल्या की ती हाक फिरत राहते, फिरता फिरता तिच्या आणखी हाका होतात, आणि घटकेत इतका कालवा माजतो की कामाचं एक अक्षर पुढे सरकत नाही. ताईने हे पंचवीस वर्षांत दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा दोषी माणसाला आठवडाभर फैलावर घेतलं होतं.

पण एक आठवडा हे शब्द तिच्या डोक्यात बसले. आठवडाभर प्रत्येक मजला एकाच केबलीवर. समजा दुसरा मजला तुटला. बेबी कागद उलगडत बसेल. आणि ताई तेवढ्यात एक केबल खोचेल, टक्, की मजला चालू. सगळं इस्पितळ बघेल. मोठे डॉक्टर बघतील. घरी आईसुद्धा ऐकेल, कोण पडलं आणि कुणी उचललं ते.

रविवारी दुपारी, बेबी नसताना, ताईने ती केबल टाकली. पहिल्या मजल्यावर रक्ततपासणीच्या खोलीत टेबलाखाली एक छोटा स्विच होता. तिथून वर दुसऱ्या मजल्याच्या वॉर्डापर्यंत टेलिफोनचा जुना पाइप जात होता. तो कुठल्याही आराखड्यात नव्हता, फक्त टेलिफोन बोर्डावर बसलेल्या माणसाच्या डोक्यात होता. खालचं टोक तिने त्या छोट्या स्विचला जोडून ठेवलं. वरचं टोक वॉर्डातल्या औषधांच्या कपाटामागे सुटं ठेवलं. सुटं असेपर्यंत फेरा नाही, धोका नाही. दोन्ही टोकांना प्लग लावले, सवयीने पट्टीचे दोन वेढे घातले, टोक आत दुमडलं, निळं पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. त्या केबलला तिने नंबर घातला नाही. एवढी एकच केबल पंचवीस वर्षांत बिननंबरी.

सोमवारी सकाळी दहाला नवं जाळं चालू झालं आणि दिवे हिरवे लागले. बेबी रॅकसमोर पाटावर बसली होती, मांडीवर लॅपटॉप, आणि मोठे डॉक्टर दारात हात मागे बांधून उभे. सगळं तिसऱ्या मजल्यापर्यंत लोण्यासारखं चाललं होतं. रक्ताचे रिपोर्ट वॉर्डात आपोआप उघडत होते, एक्स-रे पळत होते. मोठे डॉक्टर म्हणाले, "वा!" ताईच्या पंचवीस वर्षांत तिला कुणी 'वा' म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. ती कोपऱ्यात उभी राहून जुन्या स्विचवरची धूळ पुसत होती, जी आता कुणालाच पुसून नको होती.

अकराला दहा कमी असताना सगळं थांबलं.

आधी वरून फोन आला, मग दुसरा, मग चहूकडून. रिपोर्ट उघडेना. औषधांची यादी दिसेना. शस्त्रक्रियेसाठी तयार ठेवलेल्या एका माणसाचा रक्तगट कॉम्प्युटरवरून मिळेना, म्हणून एक नर्स कागद हातात घेऊन जिन्यावरून पळाली. बेबीच्या बोटांचा वेग वाढला आणि चेहरा पांढरा पडला. मोठे डॉक्टर आता 'वा' म्हणत नव्हते.

आणि ताईच्या मनात उकळ्या फुटल्या. खोटं कशाला सांगायचं? पोटात गुदगुल्या झाल्या तिला. पडली का तोंडावर? काढा आता रेघा! क्षणभर तिला आई समोर हवी होती.

मग तिची नजर रॅककडे गेली. स्विचचे दिवे नेहमी आपापल्या लयीत लुकलुकतात, एक इथे, दोन तिथे. आता सगळे एकदम लागत होते आणि एकदम विझत होते. ताईने हे दोनदा पाहिलं होतं. हा फेरा होता. आणि बेबीच्या आराखड्यात फेऱ्याला जागाच नव्हती.

ती धुळीचं फडकं तिथेच टाकून जिन्याकडे धावली. दुसऱ्या मजल्यावर औषधांचं कपाट हातभर पुढे ओढलेलं होतं आणि वॉर्डातल्या मावशी केरसुणी घेऊन मागचा केर काढत होत्या. ताईला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"अहो ताई, बघा ना, इथे एक टोक लोंबत होतं सुटं. मी बसवलं बरं का. चांगला टक् आवाज आला."

भिंतीवर, मावशींच्या डोक्याच्या वर, ताईच्याच अक्षरातली चिठ्ठी होती. ताईने काही न बोलता प्लग उपटला. काय बोलणार? मावशींनी शंभर टक्के बरोबर केलं होतं.

पहिल्या मजल्यावरचं टोकही सोडवून ती केबल तिने पाइपातून ओढून काढली, हातावर वेटोळं केलं आणि खाली आली. दिवे पुन्हा आपापल्या लयीत आले होते. फोन थांबले होते. मोठ्या डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात धरले.

"बाई, तुम्ही नसता तर! काय होतं?"

"दुसऱ्या मजल्यावर एक सुटी केबल होती," ताई म्हणाली. "कुणीतरी खोचली. फेरा झाला." प्रत्येक शब्द खरा होता. एवढं खरं बोलून इतकं खोटं तिने आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं.

"सुटी केबल? कुणाची?"

बेबीने वेटोळं ताईच्या हातातून घेतलं. प्लग उजेडाकडे धरला. पांढऱ्या पट्टीवरून, दोन कोऱ्या वेढ्यांवरून, आत दुमडलेल्या टोकावरून तिने अंगठा फिरवला, आणि मग अंगठा तिथेच ठेवला, पट्टी झाकेल असा.

"माझी," ती म्हणाली. "तपासणीसाठी टाकली होती. काढायची राहिली. शिवाय फेरा तोडायची सोयही मी सुरू केली नव्हती. चूक माझी आहे."

मोठे डॉक्टर ताईकडे वळून म्हणाले, "किल्ली तुमच्याकडेच राहू दे. कागद आज संध्याकाळपर्यंत तयार करतो." आणि गेले.

झालं की नाही सगळं मनासारखं? बेबी पडली, ताईने उचललं, सगळ्यांनी पाहिलं. ताईने स्वप्नात जसं रंगवलं होतं अगदी तसं. तरी बेबीला तसंच सोडून तिला जाता येईना. तिने दार लावून घेतलं.

"तुझी का म्हणालीस?"

बेबी रॅककडे तोंड करून उभी होती. "टोक दुमडलेलं आहे. आणि नंबर नाही. तू नंबराशिवाय केबल कधी टाकतेस?"

"मी काय विचारतेय? तुझी का म्हणालीस?"

बेबी वळली. तिचा चष्मा धुरकटला होता. "कारण मला एकदा तुझ्यापेक्षा चांगलं वागायचं होतं! एकदाच! शाळेपासून ऐकतेय. आणि आता रोज संध्याकाळी सातला. ताईने पाय चेपले, ताईने डॉक्टरांकडे नेलं, अख्खं इस्पितळ ताईच्या बोटांवर चालतं, ताई खोटं बोलत नाही, ताईसारखं तुला सात जन्मांत जमायचं नाही. मी इकडे काम घेतलं ते कशासाठी वाटलं तुला? म्हटलं, त्या बाईच्या इस्पितळात जाऊन तिच्याहून बरं काहीतरी करून दाखवू. ते तर झालं नाही. मग हे तरी."

ताईला आधी काही कळलंच नाही. "कोण म्हणतं हे?"

"कोण म्हणजे? आई."

"आई? माझं नाव घेते?"

"दुसरं कुणाचं घेते?"

"माझ्यापाशी तर चोवीस तास तुझंच चालू असतं," ताई म्हणाली.

त्या घराची मांडणीही चांदणीचीच होती: मधे आई, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला बेबी, आणि बहिणी-बहिणींत थेट केबल कधी पडलीच नव्हती. जे यायचं ते आईकडून यायचं. आणि आई प्रत्येकीला फक्त दुसरीचंच पोचवत आली होती.

इथे दोघींनी गळ्यात गळे घालायला हवे होते, पण ताई ताई होती. तिच्या डोक्यात हळूहळू एक वेगळाच प्रकाश पडत होता. चूक केली ताईने. लपवली ताईने. आणि ती पोटात घालून बोलणी खाल्ली बेबीने. म्हणजे खिडकीजवळची गादी हिची, बूट हिचे, शिक्षण हिचं, आणि आता मोठेपणसुद्धा हिनेच घेऊन जायचं? माझ्याच चुकीवर?

"मुळीच नाही," ताई म्हणाली आणि दाराकडे निघाली.

"ताई, नको. किल्ली जाईल."

"जाऊ दे गेली तर!"

सद्बुद्धी सुचली म्हणून ती गेली असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तिचं तिलाही ठाऊक होतं: निम्मी गेली मनाला खात होतं म्हणून, आणि निम्मी निव्वळ जळून. जिना चढेपर्यंत कुठलं निम्मं पुढे आहे हे तिला सांगता आलं नसतं.

मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. पेन खाली ठेवलं.

"बाई, त्या शस्त्रक्रियेसाठी रक्तगटाचा कागद घेऊन एक मुलगी जिन्यावरून पळत होती."

"हो."

"पडली असती तर?"

डॉक्टरांनी हात पुढे केला. तिने कमरेची किल्ली सोडवली. पंचवीस वर्षांत कड्याचा आणि तिचा इतका घरोबा झाला होता की ते लवकर सुटेना. दुपारी किल्ली बेबीकडे गेली. ताईची नोकरी राहिली, पण आता बेबीच्या हाताखाली. किल्ली घेताना बेबीने मान वर केली नाही आणि ताईने ती वर होईपर्यंत वाट पाहिली नाही. ती सरळ घरी गेली.

चहा देताना तिने आईला सगळं सांगितलं, केबलीपासून किल्लीपर्यंत. आई बशीत चहा ओतत म्हणाली, "बेबीला मिळाली ना? मग काळजी नाही. हुशार आहे पोर."

नवऱ्याने भिंगातून मान वर केली, ताईचा चेहरा बघितला आणि पुन्हा घड्याळात शिरला.

सात वाजले. आईने फोन लावला. ताई उठली, गॅलरीकडे निघाली, आणि आज पहिल्यांदाच दारापाशी थांबली. पडद्याआड, चोरासारखी.

"ताई? बसलीय तोंड पाडून," आई सांगत होती. "अगं, पण काय बाई आहे! आपल्या तोंडाने जाऊन सांगितलं तिने. किल्ली काढून दिली स्वतःच्या हाताने. असं मन लागतं. तुला जमलं असतं का? खरं सांग, जमलं असतं?"

ताईने हे ऐकायला आयुष्य काढलं होतं. आणि आता ऐकलं तर ते गोड लागेना. पलीकडे बेबी काहीच बोलत नसणार. फोन कानाला धरून, ओठ आत घेऊन, भिंतीकडे बघत बसली असणार. तो चेहरा कसा दिसतो हे ताईला बघायची गरज नव्हती. जन्मभर तोच चेहरा घेऊन ती गॅलरीत उभी राहिली होती.

ती आत आली. "आई, तो फोन दे इकडे."

आईने चकित होऊन दिला. दोघी बहिणी फोनवर कधी बोलायच्या नाहीत.

"बेबी," ताई म्हणाली. "आधी जमलं ते तुला. तू पट्टी झाकलीस, मी नंतर गेले. कळलं?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आणि उद्या आठला ये. नव्या केबलींना नंबर घालायचेत. पट्टी मी आणते. आणि ऐक, ते दार किल्ली फिरवून ढकललंस तर जन्मात उघडणार नाही. बिजागरी खाली बसलीय. मूठ धरून बोटभर वर उचलायचं, मग आपोआप उघडतं."

मग बेबी म्हणाली, "दुपारपासून त्या दारापाशीच उभी आहे मी, ताई. तुला कसं विचारू म्हणून."